लाडकीच्या हातचा चौक

लाडकीचं लग्न झालं नव्हतं आणि त्याची तिला काडीची लाज नव्हती. तलासरीजवळच्या तिच्या पाड्यात ती कुणालाच नव्हती. पोरगी नांदायला यायची, मुलंबाळं व्हायची, लग्न मात्र तांदूळ-ताडीची सोय होईल तेव्हा. कित्येकांचं तर पोरांच्याच मांडवात उरकायचं. आधी आईबाप पाटावर, मग पोरं. आईबाप तसेच राहिले तर पोरांना हळद लागत नसे. लाडकी आणि रघ्या असेच सुखाने नांदत होते, त्यांची लेक शुक्री रांगायला लागली होती.

लाडकीला एकच हौस होती. लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा, म्हणजे लग्न लागलेल्या आणि नवरा हयात असलेल्या बायकांचा. लाडकीचा हात देवाने दिलेला. काडी घेऊन ती शेणाच्या भिंतीवर घोडा काढायची तेव्हा म्हाताऱ्याही हातातलं काम टाकून बघायच्या. शुक्रीचा चौक आपणच लिहायचा, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं.

त्याच सुमारास, त्रेपन्न-चोपन्न साली, मिशनच्या बंगल्यात लार्सन साहेब आणि मडम राहायला आले. सातासमुद्रापलीकडून, भर तरुणपणी, देवाची सेवा करायला. त्यांना वाईट म्हणायची सोय नाही, हीच तर पंचाईत. साहेब पाड्यापाड्यांत जाऊन पोरांच्या खरजेला आपल्या हाताने मलम लावायचे. त्यांचं स्वतःचं पहिलं मूल तापाने गेलं, तेव्हा मडम स्वयंपाकघरात लाडकीच्या मांडीवर डोकं ठेवून रडल्या होत्या. लाडकी बंगल्यावर पाणी भरायची, रघ्या तिथेच जीप चालवायला शिकला.

पुढे रघ्याने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं. लाडकी काही तयार होईना. घरातला हिरवा, वाडवडलांचा देव, टाकून कुठे जायचं, म्हणाली. साहेबांनी दोघांना व्हरांड्यात बोलावलं. मडम पुस्तकातलं मराठी बोलायच्या.

"लाडकी, तुमचा दोघांचा विवाह झालेला आहे काय?"

"लगीन ना? नाय झाला अजून," लाडकी हसून म्हणाली. विचारलं ते खरं सांगितलं. खोटं बोलायचं कारणच काय?

साहेबांचा चेहरा पडला नाही, उजळला. रघ्या शेजारीच उभा होता. पाड्याची रीत त्याला ठाऊक होती आणि साहेबांना ती दोन वाक्यांत सांगता आली असती. तो पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत राहिला. मिशनच्या वसतिगृहातली जयमाला, इस्त्रीचं लुगडं नेसून पोरांना अक्षरं शिकवणारी, त्याच्या मनात कधीची भरली होती. मेल्याच्या तोंडाला कुलूप बसलं ते बसलंच.

लग्नच झालं नाही म्हणजे माणूस मोकळा, असा साहेबांनी निवाडा केला. रघ्याचा रूबेन झाला आणि त्याचं जयमालेशी लग्न लागलं. त्या दिवशीचे कांदे लाडकीनेच चिरले. मडमनी तिला जवळ घेतलं, म्हणाल्या, "आता तुम्ही पापातून सुटलात." त्यांना खरंच तसं वाटत होतं. लाडकीने डोळे पुसले. मडमना वाटलं, कांद्यामुळे.

वर्षं गेली. एकोणसत्तरच्या उन्हाळ्यात शुक्रीचं लग्न ठरलं. लग्न लावणारी धवलेरी बायजी म्हणाली, "आधी तुझा लगीन, लाडके." लाडकी बंगल्यावर गेली. साहेब-मडम कायमचे मायदेशी निघाले होते, पेट्या भरणं चाललं होतं. तिने मडमचे पाय धरले. एक सकाळ, फक्त एक सकाळ रघ्याला मांडवात बसू द्या. मडमच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली नाही. "तो दुसऱ्या स्त्रीचा पती आहे. ते पाप होईल."

बायजी हे ऐकून म्हणाली, "मेला असता तर सोपा होता. त्याचे जागी कोयता ठेवून लगीन लावला असता. जिताय ना."

लाडकीने कुडातला कोयता काढून तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "मेला असाच धर."

पाड्याने तसंच धरलं. लग्नाच्या सकाळी पाटावर लाडकीशेजारी कोयता ठेवला. अक्षता पडल्या, आणि लगेच तिच्या हातातल्या बांगड्या फोडल्या. नवरी आणि रांड एकाच पाटावर.

दुपारी जीप आली. साहेब-मडम निरोप घ्यायला आले होते. रूबेन खाली उतरला, पोरीसाठी आणलेलं लुगडं घेऊन. मांडवातल्या एकानेही त्याच्याकडे पाहिलं नाही, कुणी सरकून जागा दिली नाही. शुक्री अर्धवट उठली, "बा..." लाडकीने तिला खांदा दाबून खाली बसवलं.

"बस. तुझा बा मेला."

"लाडकी, हे काय? हा तर जिवंत आहे," मडम म्हणाल्या.

"तुमीच सांगितलात ना मडम, तो माझा कोणी नाय."

रूबेन लुगडं हातात घेऊन उभा राहिला, मग जीपमध्ये जाऊन बसला. मडमनी लाडकीसाठी तिथेच डोळे मिटून प्रार्थना केली आणि ते निघून गेले.

आत सवाशिणी चौक लिहायला बसल्या. रांडेला त्या भिंतीशी जायची बंदी, म्हणून लाडकी दाराबाहेर पीठ कालवून देत होती. कुणा नवख्या बाईकडून घोड्याचा पाय वाकडा गेला. लाडकीला तो दारातून दिसत होता. ती पीठ कालवत राहिली.