जांभळीच्या डोक्यावर छप्पर

“काका, चपला काढा आधी. आणि ती पहार खाली ठेवा.”

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी डोंबिवलीतून असे ओरडत होते की शीळफाट्याला अडकलेले ट्रक बाजूला झाले असते. समोर माझे बाबा, हातात पहार, पायात चपला, जांभळीच्या बुंध्याशी उभे. जांभूळ त्यांनीच लावलेली. त्यांचं म्हणणं एवढंच, की फरशा बुंध्याला भिडल्यात, मुळांना पाणी मिळत नाही, चारच फरशा उचकटू द्या.

त्या झाडाची जांभळं इतकी पडायची की आमच्या गल्लीतली कुत्री जांभळं भुंकायची. तरी मागे एकदा पार्किंगसाठी ते तोडायचं ठरलं होतं. करवतवाला यायच्या दिवशी आईने पहाटेच एक धोंडा शेंदूर फासून बुंध्याशी ठेवला. आई कोकणातली. तिच्या गावाला देवाची राई आहे. तिथली वाळकी काडीसुद्धा कुणी चुलीला आणत नाही, आणि तिथल्या देवाला डोक्यावर छप्पर चालत नाही. झाडं हेच त्याचं घर. करवतवाल्याने धोंडा बघितला आणि हात जोडले. मागोमाग सेक्रेटरींनीही. आम्ही घरी येऊन शिरा केला.

आई एवढंच विसरली, की देव राईतून सोसायटीत आला की त्याची सोय करावी लागते. आधी कट्टा झाला, मग फरशी, मग ग्रॅनाइट. बुंध्याला खिळे ठोकून लाइटच्या माळा अशा लावल्या की मुंबईची विमानं चुकून आमच्या गच्चीवर उतरतील. मुळांशी तेल तर इतकं, की सोसायटीचे वडे तळून व्हावेत. शेवटी पत्र्याचं छप्पर आलं आणि त्याला आडव्या येतात म्हणून फांद्या गेल्या.

“आमच्या देवाला छप्पर नको असतं हो,” आई सांगत राहिली.

“असं कसं काकू? आपण फ्लॅटमध्ये राहायचं आणि देवाने उन्हात?”

झाडाचं वाईट व्हावं असं कुणालाच वाटत नव्हतं. कुणी वैरी असता तर बाबा भांडले असते. इथे सगळे हात जोडून उभे.

पहारीच्या त्या दिवशीही बाबांनी चपला काढल्या. एकही फरशी उचकटली नाही. मग पहार घेऊन जिना चढून घरी आले.

त्या पावसाळ्यातलं सगळं पाणी ग्रॅनाइटवरून थेट गटारात गेलं. पुढच्या उन्हाळ्यात जांभळीला फुलोरा आला नाही, मग पालवीही नाही. बाबांनी बाल्कनीतली खुर्ची आत आणली आणि भिंतीकडे तोंड करून पेपर वाचू लागले.

एका संध्याकाळी सेक्रेटरी आरतीच्या तयारीला आले तेव्हा मी गाठून सांगितलं, “जांभूळ मेली.”

त्यांनी वर बघितलं.

“सावलीला पत्रा आहे ना,” ते म्हणाले.