बायनाबाईले उद्देश सापडत नाई

बायनाबाईला काही येत नाही, याबद्दल निंबाळटोलीत दोन मतं नव्हती.

सावली तालुक्यातलं हे धानाचं गाव. इथे बाईची पारख बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, होते. रोवण्याच्या दिवसांत बायका चिखलात वाकून धानाचे पऱ्हे लावत लावत मागे सरकतात, तेव्हा बायनाबाईची ओळ हमखास शेजारणीच्या ओळीत शिरायची. तिनं रांधलेला भात वरून कच्चा आणि खालून करपलेला असायचा. मोहफुलं वेचायला गेली की इतर बायकांच्या टोपल्या भरायच्या आणि ही झाडाला टेकून डुलक्या घ्यायची. तिच्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा ती परकर-पोलक्यात होती. पुढे मूल शहराकडच्या एका गावात तिचं लग्न झालं, नवरा पोटाच्या दुखण्यानं गेला, पोर-बाळ नव्हतं, तेव्हा थोरला भाऊ देवराव तिला परत घेऊन आला. तेव्हापासून ती भावाच्या घरी होती. वहिनी रुखमाबाई वाईट नव्हती. फक्त या नणंदेचं करायचं काय, हे तिला कधी कळलं नाही. घरातली वस्तू मोडकी असली तर माळ्यावर टाकता येते. माणसाची तशी सोय नसते.

बायनाबाई कामाला आली ती अगदी चुकून. वामनराव हे गावातले मोठे कास्तकार. त्यांची लेक कमला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आणि ऐन धानकापणीत तिला चंद्रपूरच्या दवाखान्यात न्यायची वेळ आली. तिची आई तापानं पडलेली. बाकी बायका शेतात. गावात रिकामी बाई एकच होती. एरवी वामनरावांच्या घरी बौद्धवाड्यातली बाई ओसरीच्या पायरीपर्यंतच यायची. पण त्या दिवशी वामनराव स्वतः देवरावच्या अंगणात आले आणि म्हणाले, "देवराव, बायनाले पाठवतं का बाप्पा? निस्तं सोबतीले."

बायनाबाई गेली. बसमध्ये तिला उलटी झाली, तिला बस लागायचीच. कमलेनं कळा सोसता सोसता तिची पाठ चोळली. दवाखान्यात कमलेनं तिचा हात धरून ठेवला, आणि तो हात धरलेला असतानाच बायनाबाईला झोप लागली. मुलगी झाली, सुखरूप झाली. परत आल्यावर कमला येईल त्या बाईला सांगू लागली, "बायनामावशी होती म्हनून निभावलं."

"काय केलं तिनं?" बायका विचारायच्या.

"केलं काई नाई. होती."

एवढ्यावर तिचं नाव झालं. मग कोणाला कोर्टाच्या तारखेला चंद्रपूरला जायचं असो, कोणाला लेकीच्या सासरी जाऊन दोन शब्द बोलायचे असोत, लोक देवरावच्या अंगणात यायचे. बायनाबाई पान-सुपारीची डबी पिशवीत टाकून निघायची. तिथे जाऊन ती काय करायची? बसायची. सल्ला द्यायची नाही, धीर द्यायची नाही, रडणाऱ्याला उगी करायची नाही. प्रवासात तीच आजारी पडायची, त्यामुळे नेणाऱ्याचं अर्धं लक्ष तिच्याकडे लागायचं आणि पोटातली भीती तेवढ्यापुरती विसरली जायची. याला कोणी काम म्हणत नव्हतं. तीही म्हणत नव्हती. रिकामी आहे म्हणून नेतात, असं तिचं मत होतं, आणि ते बरोबरही होतं.

त्र्याऐंशी साली गावाला नवी ग्रामसेविका आली. तिचं नाव इंदुताई. वरोऱ्याहून आलेली, चष्मा लावणारी, सावलीला एका खोलीत राहून सायकलीनं गावोगाव फिरणारी. तिनं शाळेत बायकांची सभा भरवली आणि भाषण दिलं. भाषणात ती म्हणाली, "प्रत्येक स्त्रीच्या जीवनाला एक उद्देश असतो. तो आपण शोधला पाहिजे. उद्देशाशिवाय जगणं म्हणजे नुसता श्वास घेणं."

बायकांनी माना डोलावल्या आणि जनावरांची वेळ झाली म्हणून घरी गेल्या. बहुतेकींच्या डोळ्यांवर झोप होती. एरवी कुठेही पेंगणारी बायनाबाई मात्र त्या दिवशी टक्क जागी होती. ती थांबली.

"ताई, त्यो कुठी भेटते?"

"काय?"

"उद्देस."

इंदुताईला नोकरीत कोणी प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. ती खुलली. "तो आपल्या आतच असतो, बायनाबाई. काहीतरी हातानं करून पाहायचं. करता करता सापडतो."

बायनाबाईनं ते मनावर घेतलं. आधी ती इंदुताईच्या शिवणवर्गाला बसली. पहिलं पोलकं तिनं रुखमाबाईसाठी शिवलं. त्याची एक बाही कोपरापर्यंत आली आणि दुसरी खांद्यावरच संपली. रुखमाबाईनं ते निमूटपणे घातलं आणि वरून पदर घेतला. मग सरकारी योजनेतल्या पांढऱ्या कोंबड्या आल्या. बायनाबाईनं खुराडं बांधलं, रोज त्यांच्यापुढे बसून दाणे टाकले, त्यांना नावं ठेवली. मुंगसानं नावं न विचारता एकेक करून सगळ्या नेल्या. त्यानंतर ती साक्षरता वर्गाला गेली, पण कंदिलाच्या उजेडात तिचे डोळे लगेच मिटायचे.

या सगळ्या काळात सोबतीला बोलवायला कोणी आलं की ती सरळ सांगायची, "मले सवड नाई. मी उद्देस पाहून राह्यली."

गावाचे हाल होऊ लागले. श्रीहरीची दाढ ठणकत होती. धिप्पाड माणूस, रानात रानडुकराला हाकलणारा. तो एकटा चंद्रपूरला गेला, रांगेत बसला, आतून कोणाचं तरी ओरडणं ऐकलं आणि दाढेसकट परत आला. मनकर्णा लेकीला सासरी पोचवायला एकटी गेली आणि लेकीला घेऊनच परतली. लोक इंदुताईकडे वाकड्या नजरेनं पाहू लागले. चांगली रिकामी बाई होती, ह्या चष्मेवालीनं बिघडवली, असं पाणवठ्यावर उघड बोललं जाऊ लागलं.

शेवटी देवराव एका दुपारी बहिणीजवळ बसला.

"बायना, जा ना श्रीहरीसंग. गाल किती सुजला त्याचा."

बायनाबाई म्हणाली, "दादा, तू मले खरं सांग. मी मेली तं कोनाचं काई अडन का?"

देवराव खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं डोक्यावरचा शेला काढून मांडीवर ठेवला, बराच विचार केला आणि म्हणाला, "अडन कायले? धान तं होतेच."

"मंग? तेच तं मी पाहून राह्यली."

देवराव उठून गेला. बायनाबाईला रागही आला नाही. भावानं तिच्या शंकेला दुजोरा दिला, एवढंच झालं.

धानाची कापणी आटोपून थंडी पडली होती, तेव्हा एका रविवारी इंदुताई सायकल हातात धरून देवरावच्या अंगणात आली. बायनाबाईला वाटलं, नवी योजना आली असेल. ती लगबगीनं उठली. इंदुताई म्हणाली, "बायनाबाई, माझ्यासोबत वरोऱ्याला येता का?"

"कायले?"

इंदुताईनं रुखमाबाई आत गेल्याची खात्री केली आणि मग सांगितलं. वर्षाआधी नवऱ्यानं तिला घराबाहेर काढलं होतं. हे इकडे कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या दोन पेट्या आणि आईनं लग्नात दिलेला तांब्याचा गुंड, पाणी भरायची घागर, सासरीच राहिला होता. दोनदा ती वरोऱ्याच्या बसस्टँडपर्यंत गेली आणि तिथूनच फिरली.

"मला एकटीला त्या दारात जाववत नाही," ती म्हणाली.

"मी काय करू तिथी ताई? मले बोलता नाई येत."

"काही करू नका. फक्त या."

दुसऱ्या कोणाला बायनाबाईनं नाही म्हटलं असतं. पण उद्देश शिकवणारी बाईच विचारत होती. ती डबी पिशवीत टाकून निघाली.

बस चंद्रपूर सोडून भद्रावतीला पोचली तसा बायनाबाईचा चेहरा पांढराफटक पडला. इंदुताईनं खिडकीबाहेर तिचं डोकं धरलं, स्टँडवर उतरून लिंबू आणलं, पदरानं तिचं तोंड पुसलं. सासूला काय बोलायचं ते ती रात्रभर पाठ करून आली होती. बायनाबाईला सांभाळता सांभाळता ते सगळं विसरली, आणि पाहते तर वरोरा आलं होतं.

दार सासूनं उघडलं. सुनेकडे पाहून तिचं तोंड घट्ट मिटलं, मग बाजूला उभ्या असलेल्या घामाघूम बाईकडे तिनं पाहिलं.

"ही कोन?"

बायनाबाई म्हणाली, "मी निंबाळटोलीची. पानी देता का वो बाई? गाडी लागली मले."

भांडणाला आलेल्या माणसाला हाकलता येतं. दारात येऊन पाणी मागणाऱ्या आजारी बाईचं काय करावं, याची त्या घरानं तयारी केलेली नव्हती. सासूनं पाणी आणलं. बायनाबाई ओसरीवरच्या बाजेवर बसली, पाणी प्याली आणि आणखी मागितलं.

आतून इंदुताईचा नवरा आला. बायकोला पाहून त्यानं आवाज चढवला, "कोनाले इचारून आली तू इथी?" आवाज झाला तशी बायनाबाईनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. स्टँडवर लांबून येणारी गाडी आपली आहे का, हे माणूस जसं पाहतो, तसं ती पाहत होती. तो थांबला. पुन्हा बोलू लागला, पण खालच्या आवाजात, आणि खालच्या आवाजात त्याचं बोलणं त्यालाच फारसं जोरकस वाटेना. "न्या काय न्यायचं ते," म्हणून तो चप्पल घालून बाहेर निघून गेला.

इंदुताई आत जाऊन पेट्या भरू लागली. ओसरीवर बायनाबाईचे डोळे मिटले, मान छातीवर पडली, आणि ती हलकं हलकं घोरू लागली. सासू स्वयंपाकघरात गेली आणि सवयीनं चहा ठेवला. चहा घेऊन ती बाजेच्या कडेला टेकली. बायनाबाई जागी झाली, बशीत चहा ओतून पिऊ लागली. सासू मग अनोळखी माणसाशीच बोलता येतं तसं बोलायला लागली. पोराचं डोकं बापावर गेलंय. बापानंही आपल्याला असंच एकदा माहेरी धाडलं होतं. सून तशी वाईट नव्हती, फक्त फार शिकलेली. बायनाबाई मधूनमधून "हो बाप्पा" म्हणत होती. दुसरा कप तिनं मागून घेतला.

निघताना गुंड कुठे आहे ते इंदुताईला सापडेना. तो सासूनंच माळ्यावरून काढला, पदरानं पुसला आणि सुनेच्या हातात न देता बायनाबाईच्या हातात दिला. "जपून न्या," म्हणाली.

परतीच्या बसमध्ये पेट्या टपावर होत्या आणि गुंड इंदुताईच्या मांडीवर. ती त्याचा काठ पदरानं पुसत होती. मग म्हणाली, "बायनाबाई, तुम्ही एवढे दिवस शोधत होता ना? तुमचा उद्देश हाच."

"कोनता?"

"हाच. आज केलं ते."

बायनाबाईला आयुष्यात क्वचित राग यायचा. तो आला. "गरिबाची थट्टा कायले करता ताई? झोपली होती मी. वरून दोन कप चहा पेली."

"थट्टा नाही हो."

"मंग तुमचा सापडला का, सांगा?"

इंदुताईनं मांडीवरच्या गुंडाकडे पाहिलं. आधी तिला हसू आलं, इतकं की कंडक्टर मागे वळून पाहू लागला. मग ते हसू कधी रडण्यात गेलं ते तिलाही कळलं नाही. तिच्या खांद्यावर हात वगैरे ठेवावा असं एखाद्या शहाण्या बाईला सुचलं असतं. बायनाबाईला तेवढ्यात पुन्हा मळमळलं, आणि इंदुताईला रडणं थांबवून तिचं डोकं धरावं लागलं.

त्यानंतर इंदुताईनं उद्देशाचं भाषण कुठल्याच गावात दिलं नाही. ती हगवण लागलेल्या लेकरांना साखर-मिठाचं पाणी कसं द्यायचं, ते सांगू लागली. गावाला त्याचा जास्त उपयोग झाला. बायनाबाईनंही शोध आटोपता घेतला. तिचं म्हणणं असं, की उद्देस काही सापडत नाही, तोवर घरी रिकामं बसण्यापेक्षा लोकांसोबत गेलेलं बरं. पहिल्यांदा ती श्रीहरीला घेऊन गेली. दाढ निघाली. पुढे आजूबाजूच्या गावांतून माणसं येऊ लागली. आपल्याला काही येत नाही, हे ती त्यांना आधीच प्रामाणिकपणे सांगायची. लोक हो हो म्हणायचे आणि निघायची वेळ ठरवायचे.

अठ्ठ्याऐंशी साली रुखमाबाईच्या गर्भपिशवीचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरनं पुढल्या सोमवारची तारीख दिली. घरी दोन सुना होत्या, दोघीही यायला तयार होत्या. रुखमाबाई त्यांना नको म्हणाली आणि अंगणात जाऊन नणंदेला तारीख सांगितली.

बायनाबाई अवघडली. "वयनी, सोमवारी मनकर्णेच्या लेकीसंग जातो म्हनलं मी. सबद देला तिले."

"आनं मी?"

"मंगळवारपासून रिकामीच हावो ना मी."

रुखमाबाई खूप बोलली. ज्या घरात ही बाई पंचवीस वर्षं बसून खाते, त्याच घराला आता तिच्या सवडीनं आजारी पडायचं का, असंही म्हणाली. पण सुनांना न्यायला ती तयार झाली नाही. दोन दिवसांनी ती देवरावसोबत डॉक्टरकडे गेली आणि तारीख पुढे ढकला म्हणाली.

डॉक्टरनं कारण विचारलं.

"माह्या ननंदेले त्या दिवशी सवड नाई."

"का? काय करतात त्या?"

हा प्रश्न रुखमाबाईला आजवर कोणी विचारला नव्हता. तिनं देवरावकडे पाहिलं. देवराव भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होता.

"नोकरीवर हाय ते," रुखमाबाई म्हणाली.

डॉक्टरनं मान हलवली आणि गुरुवारची तारीख दिली.