होळकरांचा आग्रह

जर्मन माणसाबरोबर राहायला लागलं की किस्से जमवावे लागत नाहीत. रिकाम्या बाटल्या साठतात तसे ते साठत जातात, आणि आमच्या घरात तर बाटल्यांसारखेच रंगवार लावून ठेवलेले असतात. लावून होल्गर ठेवतो, रंग मी चढवते. शनिवारी ब्रिस्टलमधली आमची मराठी टोळी जमली की पद्मा विचारते, "या आठवड्याचं काय?" आणि मी सुरू होते. यातलं खरं किती, असं तिचा नवरा शिरीष दरवेळी विचारतो. मग होल्गर गंभीर चेहऱ्याने एकेक दुरुस्ती करतो, आणि त्या दुरुस्त्या माझ्या किश्श्यापेक्षा भारी निघतात.

*

पहिला किस्सा अर्थातच कॉफीचा.

विमानांचे पंख बनवणाऱ्या कंपनीत मी सॉफ्टवेअरला, होल्गर टेस्टिंगला. पंख तुटेपर्यंत वाकवायचा आणि कुठे तुटला ते लिहून ठेवायचं, हे त्याचं काम. माझं वय तेव्हा अठ्ठेचाळीस, त्याचं बावन्न, आणि दोघांचंही एकेक लग्न करून मोडून झालेलं. कॅन्टीनमध्ये त्याने विचारलं, कॉफी घेणार का? मी म्हटलं, नको. सांगलीत वाढलेली बाई पहिल्या विचारण्याला दुसरं काय म्हणणार?

तो "ओके" म्हणाला, एकच कॉफी घेऊन आला आणि माझ्यासमोर बसून शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

मला वाटलं, माणूस घमेंडखोर आहे. त्याला वाटलं, बाईला कॉफी आवडत नाही. पुढचे पाच महिने मला त्याच्यासमोर कॉफी मिळाली नाही. तरीही आम्ही प्रेमात पडलो, यावरून काय ते ओळखा.

*

मी त्याच्याकडे राहायला गेले आणि पद्मा-शिरीष पहिल्यांदा घरी आले. होल्गरने सकाळपासून खपून चेरीचा केक केला होता. चारच्या ठोक्याला बेल वाजली, चार वाजून दोन मिनिटांनी त्याने विचारलं, "केक?" पद्मा म्हणाली, "नको हो, आत्ताच जेवण झालं."

होल्गरने मान हलवली आणि अख्खा केक फ्रिजमध्ये ठेवून दिला. पद्मा नागपूरची, खाण्याच्या बाबतीत भावनाप्रधान. फ्रिजचं दार बंद होताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी नंतर फक्त एअरपोर्टवर निरोप देणाऱ्या आयांच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे. घरी जाताना दोघं चिप्स घेऊन गाडीत बसून खात होते, हे शिरीषने वर्षभराने कबूल केलं.

*

पहिल्या डिसेंबरात होल्गरने विचारलं, आपण दोघांत एक मोठी डूव्हे, म्हणजे पिसांची रजई, घ्यायची का? जर्मनीत नवरा-बायको एका पलंगावर झोपतात, पण पांघरुणं दोन. माझ्यासाठी तो परंपरा सोडायला तयार होता. मी लाजून म्हटलं, "छे, कशाला!"

दुसऱ्या दिवशी दोन सिंगल डूव्हे आल्या. इस्त्री करून.

*

आता मुख्य गोष्ट.

गेल्या मार्चमध्ये आम्ही काउन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरवर उभे होतो. हिरवी काच हिरव्यात, पांढरी काच पांढऱ्यात टाकून झाली. पुठ्ठ्याच्या डब्यापाशी होल्गर थांबला, हातमोजे काढले आणि म्हणाला, "आपण लग्न करावं असं मला वाटतं. तुला?"

आणि मी म्हटलं, "छे, नको, आता या वयात कुठे!"

बोलले इंग्रजीत, पण आतली बाई सांगलीची. तोंडातून बाहेर पडल्यावर मला कळलं की हे काय करून बसलो आपण. होल्गरने मान हलवली. "ओके. स्पष्ट उत्तराबद्दल थँक यू," म्हणाला, हातमोजे परत घातले आणि पुठ्ठे चपटे करायला लागला.

घरी आल्यावर मी त्याच्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत बसले. त्याने सूप केलं.

*

पद्माला सांगितलं तर ती कपाळावर हात मारून म्हणाली, "तू काय करून राहिली गं? तूच विचार ना आता!"

मी म्हटलं, मी आजवर कुणाच्या घरी मागून वाढून घेतलेलं नाही.

मग शिरीषला कामाला लावलं. पबमध्ये त्याने विषय आडून आडून काढला, की आमच्या बायकांचं पहिलं नाही म्हणजे अगदीच नाही असं नसतं. होल्गरने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वैजू शहाणी बाई आहे. तिला नाही म्हणता येतं. मी परत विचारलं, तर मी तिचं ऐकलंच नाही असं होईल."

शिरीषने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. पद्माच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या डोळ्यांतही आलं, पण माझं संतापाचं होतं. असला गुणी माणूस, आणि त्या गुणापायीच हातचा जाणार!

*

जूनमध्ये आई आली. सांगलीहून, तीन आठवड्यांसाठी, अधिकृत कारण बागा बघणे. होल्गर हे नाव तिला पहिल्या मिनिटालाच पटलं नाही. तिने त्याला होळकर करून टाकलं आणि एकदम सरदारासारखा मान द्यायला लागली. "बसा होळकर."

पण दोन दिवसांत तिचा चेहरा उतरला. तिसऱ्या दिवशी खोलीत गेले तर पलंगाच्या कडेला बसून स्वतः आणलेला चिवडा खात होती.

"वैजू, हा माणूस आहे की तहसील कचेरी?" ती म्हणाली. "एकदा विचारतो आणि खिडकी बंद."

त्याच सकाळी तिने होल्गरला टेबलाशी बसवून शिकवणी घेतली. भाषांतर माझं. पहिलं नको म्हणजे वळण. दुसरं नको म्हणजे विचार चालू आहे. तिसऱ्यांदा विचारायचं नसतं, सरळ वाढायचं. आणि पानात वाढलेलं टाकायचं नाही, ही जेवणाऱ्याची जबाबदारी. मग कागदावर ताट काढून दाखवलं: मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे.

होल्गरने सगळं वहीत उतरवलं. एकच शंका विचारली: "आणि खरंच नको असेल तर?"

"मग माणूस पानावर आडवा हात धरतो," आई म्हणाली. "तेवढं झालं की परत फिरायचं."

होल्गरने त्या वाक्याखाली दोन रेघा मारल्या.

*

पहिली बळी पडली शेजारीण ब्रेंडा. ती ऐन जेवणाच्या वेळी शिडी परत करायला आली आणि होल्गरने तिला पानावर बसवलं. आडव्या हाताची तरतूद तिला कोण सांगणार? तिने सभ्यपणे "नो, थँक यू" म्हटलं आणि पुरी आली. परत म्हटलं, परत आली. भिंतीला धरत घरी गेली. आम्हाला वाटलं, आता ही बोलणार नाही. दुसऱ्या दिवशी तिचं थँक यू कार्ड आलं, आणि खाली बारीक अक्षरात, परत कधी?

आई मात्र सुधारली ती उलट्या बाजूने. होल्गरने "चहा?" म्हणायच्या आत ती "हो" म्हणायची. तो बिचारा दुसऱ्यांदा विचारायच्या तयारीत उभा असायचा.

*

आई जायच्या आधीच्या सोमवारी होल्गर वही घेऊन माझ्यासमोर बसला. म्हणाला, टेस्ट घ्यायची पद्धतच चुकलेली होती, त्यामुळे सगळी रीडिंग्ज अर्धवट. आता पूर्ण करावी लागतील. क्रमाने.

वहीत माझे दोन वर्षांतले सगळे नकार, तारीखवार. कसे आठवले देव जाणे!

सोमवारी कॅन्टीनची कॉफी. "हवी?" मी म्हटलं, नको. जुना नकार पहिला, हा दुसरा. त्याने वहीत खूण केली आणि तिसऱ्यांदा न विचारता कप समोर ठेवला. मंगळवारी खिडकीजवळची सीट. बुधवारी माझ्या ढकलगाडीसारख्या सायकलची दुरुस्ती. शुक्रवारी डिलिव्हरीवाला दारात, आणि त्याच्या खांद्यावर तंबूएवढी डबल डूव्हे. आईने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "थंडी फार असते ना तुमच्याकडे." जून महिना.

मी मात्र बोटांवर मोजत होते. डिसेंबर संपला. पुढे फेब्रुवारीतला त्याच्या आईकडे हॅनोव्हरला जायचा बेत, आणि मग मार्च. आईचं विमान रविवारी. शुक्रवारी झोपायच्या आधी त्याने हॅनोव्हर उरकलं, वही मिटली आणि दिवा घालवला. तंबूएवढ्या डूव्हेखाली मी मार्चची वाट बघत जागी राहिले.

*

शनिवारी आईच्या निरोपाचं जेवण. पद्मा, शिरीष, ब्रेंडा. बासुंदी आईची, वाढायला होळकर. सगळ्यांना दोनदा विचारून, तिसऱ्यांदा वाढून, तो माझ्यापाशी आला. पळी भांड्यात ठेवली, हात पुसले आणि खिशातून वही काढली.

"मार्च," तो म्हणाला. "रीसायकलिंग सेंटर. पुठ्ठ्याचा डबा."

शिरीषच्या हातातली पुरी तिथेच थांबली.

"आपण लग्न करावं असं मला वाटतं. तुला?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सरळ हो म्हणून मोकळी झाले असते. पण माणसाने एवढ्या मेहनतीने पद्धत शिकली, ती अर्ध्यावर मोडायची?

"नको," मी म्हटलं.

टेबलाखालून पद्माची लाथ बसली. ब्रेंडाला काही कळलं नाही, पण तिने चमचा खाली ठेवला. होल्गरने वहीत खूण केली. तिसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या खिशातून एक छोटी डबी काढली, उघडली, आतली अंगठी चिमटीत धरली आणि माझ्या ताटाकडे निरखून बघितलं. मग माझ्या हातांकडे.

माझे दोन्ही हात मांडीवर होते.

"आई," त्याने मराठीत विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?"

"डावीकडे," आई म्हणाली. "मिठाशेजारी. आणि वैजू, पानात टाकायचं नाही."