पापडखाराने धुतलेला नवरा

तुम्ही लोक दूध गॅसवर ठेवता आणि फोन बघत बसता, तुमच्या काय लक्षात राहणार... म्हणून साठेक वर्षांपूर्वीचं मीच सांगते. मला अक्षर येत नाही, नातसून घरच्या ग्रुपवर टाइप करतेय.

कळसाडीला आमचा कापूस, मी घरात नवी सून. बोंडअळीवर नवीनच औषध आलं होतं. अंगाला खाज सुटते म्हणून सासूबाई फवारणीआधी लेकाला तेल चोळून पाठवायच्या... लाडका ना!

नात रसायनशास्त्र शिकते. परवा म्हणाली, आजी, ते विष तेलातून अंगात लवकर शिरतं. म्हणजे आम्ही माणसाला लोणच्यासारखं मुरवत होतो...

त्या दिवशी हे शेतातून आले ते लाळ गाळत, थरथरत. "दारू पी उना का रे?" शेजारी हसले. पण डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झालेल्या... मी शेजारच्या पोराला डॉक्टरांकडे पिटाळलं.

डॉक्टर सायकल दामटत आले. "मी इंजेक्शन भरतो, तोवर सोड्याच्या पाण्याने धुवा!" धुण्याचा सोडा नेमका संपलेला. होता तो सासूबाईंचा पापडखार. मी पदर खोचला, अख्खा डबा बादलीत ओतला आणि भर अंगणात नवऱ्याला घासायला घेतलं.

"अवं, मन्हा खार! तो काय पापड शे का?"

"पापड नही, तुमना पोऱ्या शे! पानी टाका!"

सासूपुढे पहिल्यांदाच तोंड उघडलं मी... त्यांनी तांब्या उचलला.

नात सांगते, खाराच्या पाण्यात त्या विषाची फॉस्फेटची गाठ तुटते. पण नसांचे हुकूम काम झालं की पुसणारा एक कामगार अंगात असतो म्हणे; आत गेलेलं विष त्याच्या हाताला फॉस्फेट चिकटवून ठेवतं, मग लाळ नि थरथर थांबतच नाही. तेही पाण्यानेच सुटतं, पण तलाठ्याच्या कामासारखं सावकाश... तोवर माणूस टिकला पाहिजे.

इंजेक्शनने लाळ आटली आणि त्याच्याच अमलात हे बरळू लागले. हवेतला कापूस वेचायचे, सासूबाईंना मजूर समजून दटावायचे, "ए बाई, हात चालाड!" आम्ही दोघी रडत होतो की हसत होतो, आता सांगता येत नाही.

त्या उन्हाळ्यात कोणी पापड मागितले की सासूबाई म्हणायच्या, "आवंदा पापड नहीत. आवंदा पोऱ्या शे."

तोच पोऱ्या आता ओट्यावर बसून कुरकुरतोय. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. एवढं विष पचवलेल्या माणसाला जिलबी काय करणार हो? येणाऱ्याच्या हाती पाव किलो पाठवा... गरम असेल तर अर्धा.