मंजुळा नाखवाचं सदतिसावं मांजर

मंजुळाबाई नाखवांना मांजरं आवडत नाहीत. हे त्या स्वतःच सांगतात, आणि सांगताना मांडीवर बसलेलं मांजर खाली ढकलतात. ते परत चढतं. त्या परत ढकलतात. कोपरीच्या मासळी बाजारात हा प्रकार रोज सकाळी चालतो आणि गिऱ्हाइकांना त्यात आता काही विशेष वाटत नाही.

मंजुळाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या आहेत. त्यातली चौतीस वर्षं त्या या बाजारात मासे विकत आहेत. गेल्या अकरा वर्षांत त्यांनी बाजारातली छत्तीस रानटी मांजरं माणसाळवून लोकांच्या घरी दिली. त्यातली बरीचशी कोपरीतच आहेत, चार कोलशेतच्या टॉवरमध्ये राहतात आणि एक खोपटला एसटी कंडक्टरच्या घरी आहे. परत एकही आलेलं नाही. याला कोणी भूतदया म्हटलं की मंजुळाबाईंना राग येतो. त्यांच्या मते हा बाजारातला कचरा कमी करण्याचा भाग आहे.

बाजारातली मांजरं म्हणजे मोबाइलवर दिसणारी मांजरं नव्हेत. ती बर्फाच्या पेट्यांखाली जन्मतात, माणसाच्या हाताला ओळखतात ते फक्त मारणारा हात म्हणून, आणि पंजा मारला तर टाके पडतात. जनावरांच्या डॉक्टर दर्शना म्हात्रे यांचा दवाखाना बाजारापासून पाच मिनिटांवर आहे. त्या सांगतात की दोन महिन्यांपर्यंत माणसाचा हात लागला नाही, तर पिल्लू सहसा माणसाळत नाही, आणि वाढलेल्या बोक्याच्या तर नादीच लागू नये. मंजुळाबाई नवं मांजर नसबंदीला घेऊन आल्या की डॉक्टर हे ऐकवायच्या. विसाव्या मांजरापासून त्यांनी ऐकवणं बंद केलं.

मंजुळाबाईंचं माहेर आणि सासर, दोन्ही चेंदणी कोळीवाड्यातच. मध्ये तीन गल्ल्या. माहेर इतकं जवळ, की रुसून जाण्यात काही अर्थ नव्हता. नवरा कान्हा खाडीत होडी घालायचा. खाडीत निवट्या आणि चार चिंबोऱ्यांपलीकडे काही लागेना, तेव्हा तो कोलशेतच्या एका कंपनीत लागला. कंपनी बंद पडली. आता तो ओट्यावर पत्ते खेळतो. तो मुळातच अबोल, त्यामुळे घरातलं बोलण्याचं सगळं काम पहिल्यापासून मंजुळाबाईंकडे आलं आणि त्यांनी ते मोठ्या आवाजात पार पाडलं.

पहिल्या बोक्याने एका गिऱ्हाइकाच्या पिशवीतून सुरमईचे दोन तुकडे पळवले, तेही गिऱ्हाईक उभं असताना. मंजुळाबाईंनी त्याला प्लास्टिकच्या क्रेटखाली कोंडला आणि वर बर्फाची लादी ठेवली. खाडीपलीकडे सोडून यायचं ठरलं होतं. पण त्या दिवशी टेम्पो बंद होता, मग रविवारची गर्दी आली, मग पुतण्याची हळद आली. महिना गेला. एका दुपारी कोणाच्या तरी पायाने क्रेट उलटला आणि बोका होता तिथेच बसून राहिला. मंजुळाबाईंनी त्याला हाकलला, तर तो त्यांच्या पायाला अंग घासू लागला. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी तो घरी नेला. तेव्हापासून हे सुरू झालं.

पद्धत काय, असं विचारलं तर मंजुळाबाई म्हणतात, पद्धतबिद्धत काही नाही. पिंजरा त्यांच्या डाव्या गुडघ्याशी असतो. तीन बाजूंनी गोणपाट, चौथी बाजू त्यांच्याकडे. सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत त्या मांजराकडे बघतही नाहीत. त्या मासे विकतात. म्हणजे माशाचे कल्ले उघडून तोंड वाकडं करणाऱ्या बाईला ती कोणत्या राजवाड्यातून आली ते विचारतात, शेजारच्या गोदूबाईंना पाटी सरकवल्याबद्दल सुनावतात आणि बर्फवाल्या भावेशच्या सात पिढ्यांची फोनवर चौकशी करतात. बोलता बोलता बांगड्याचं एखादं डोकं पिंजऱ्यात पडतं. पहिला आठवडा मांजर गुरगुरतं. तिसऱ्या आठवड्यात त्या आरड्याओरड्यात झोपतं. पाचव्या आठवड्यात दार उघडं ठेवलं तरी जात नाही.

नियम दोन आहेत. पहिला सून वर्षालीचा. ती गच्चीवर बोंबील वाळवते, त्यामुळे घरात एका वेळी एकच मांजर. दुसरा मंजुळाबाईंचा. दिलेलं मांजर पंधरा दिवसांत नव्या घरातल्या माणसाच्या मांडीवर बसलं पाहिजे. नाही बसलं तर त्या परत आणणार. दुसरा नियम वापरण्याची वेळ कधी आली नव्हती. सदतिसाव्या मांजराने ती आणली.

हा चार वर्षांचा पिवळा बोका. बर्फाच्या टेम्पोखाली त्याचा पुढचा उजवा पाय गेला आणि डॉक्टर दर्शनांनी तो खांद्यापासून काढला. बरा झाला, माणसाळला, पण तीन पायांवर तो बाजारात एक दिवसही टिकला नसता. बाजाराच्या मागच्या बाजूला कुत्र्यांची टोळी आहे. घरी ठेवावा, तर पिंजऱ्यात पुढची मांजर येऊन बसली होती आणि ती गाभण होती. वर्षालीने सासूला नियमाची आठवण करून दिली. कल्याणकडच्या दोन प्राणी संस्थांनी जागा नाही म्हणून कळवलं. बोक्याला घर लागणार होतं, आणि ते टिकणार होतं तरच बोका टिकणार होता.

डॉक्टर दर्शनांनी घर शोधलं ते डोंबिवलीत. विनिता खांबेटे, वय चौसष्ट, एका कार्यालयाच्या अभिलेख विभागातून निवृत्त, अविवाहित, एकट्या. घर दुसऱ्या मजल्यावर, शाकाहारी आणि अतिशय शांत. कुकरची दुसरी शिट्टी होऊ नये म्हणून विनिताबाई पहिलीनंतर गॅस बारीक करून तिथेच उभ्या राहतात. मांजर कशासाठी हवं, हे त्यांनी डॉक्टरांना नेमकं सांगितलं होतं. घरात हालणारं कोणीतरी असावं, पण बोलणारं नको.

मंजुळाबाई डॉक्टरांकडच्या पिंजऱ्यात बोक्याला घालून स्वतः घर बघायला गेल्या. खिडक्यांच्या जाळ्या ओढून पाहिल्या, कचऱ्याच्या डब्याचं झाकण तपासलं, विनिताबाईंना सरळ अगंतुगं केलं. मासे नाहीत म्हणजे बोका उपाशी मरेल असं त्यांचं मत पडलं. विनिताबाईंनी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा त्या नाकाला रुमाल लावून मासळी बाजारात गेल्या आणि कोळणीला म्हणाल्या, जे लहान असेल ते द्या. तिने मांदेली दिली.

बोका पहिल्या दिवशी वॉशिंग मशीनच्या मागे गेला आणि तिथेच राहिला. विनिताबाईंनी त्याचं नाव श्रीरंग ठेवलं. मांजर पाळण्याविषयी मिळेल ते सगळं वाचून त्यांनी त्याप्रमाणे केलं. हळू चालायचं. हळू बोलायचं. दिवे मंद ठेवायचे. टीव्ही लावायचा नाही. तो तसाही त्या लावत नसत. त्या मशीनपासून चार फुटांवर चटई टाकून तासन् तास गप्प बसल्या. आजूबाजूला कोणी नसलं की बोका मांदेली खायचा आणि परत मागे जायचा. अकरा दिवसांत विनिताबाईंनी त्याची शेपटी दोनदा पाहिली.

अकराव्या दिवशी त्यांनी मंजुळाबाईंना फोन केला. म्हणाल्या, कोणाला असं डांबून ठेवणं मला बरं वाटत नाही, तो इथे दुःखी आहे, तुम्ही त्याला घेऊन जा.

"बाई, ते मांजर हाय, जावय नाय," मंजुळाबाई म्हणाल्या. पण बोका परत आला तर ठेवायचा कुठे, या विचाराने त्यांना रात्री झोप लागली नाही. वर्षालीला ही झोप न लागल्याची बातमी सकाळी सविस्तर ऐकावी लागली.

दुसरा दिवस गुरुवार होता. गुरुवारी बाजारात गिऱ्हाईक कमी. मंजुळाबाई तोच डॉक्टरांकडचा पिंजरा रिकामा घेऊन डोंबिवलीला पोचल्या. दार उघडलं आणि नेमका भावेशचा फोन आला. बर्फ अजून पोचला नव्हता. मंजुळाबाई चपलाही न काढता उंबऱ्यातच सुरू झाल्या.

"मेल्या, मासली काय तुज्या डोक्यावर ठेवू? बर्फ आनतंस का हिमालयात बसलायस?"

मशीनच्या मागून खुडबूड झाली. बोका बाहेर आला. तीन पायांवर डुलत दिवाणखाना ओलांडून मंजुळाबाईंच्या पायाशी बसला आणि तोंड वर करून वाट बघू लागला.

फोन संपला. बोक्याने आजूबाजूला पाहिलं आणि परत मशीनमागे गेला.

मंजुळाबाई म्हणाल्या, माझ्या अंगाचा वास लागला असेल. विनिताबाईंनी आयुष्यभर फायली लावल्या होत्या. त्यांना हे पटलं नाही. त्यांनी मंजुळाबाईंना दहा मिनिटं गप्प बसायची विनंती केली. मंजुळाबाईंच्या आयुष्यातली ही पहिलीच अशी विनंती आणि पहिलीच अशी दहा मिनिटं. वास तोच होता, बोका आला नाही. मग विनिताबाईंनी त्यांना पुन्हा भावेशला फोन लावायला सांगितलं. भावेश तोपर्यंत बर्फ पोचवून बसला होता. त्याला विनाकारण दुसऱ्यांदा ऐकून घ्यावं लागलं. बोका आला.

अकरा वर्षांत मंजुळाबाईंच्या जे ध्यानात आलं नव्हतं, ते असं पाऊण तासात उघड झालं. मांजरं माशाच्या डोक्याने माणसाळत नव्हती. ती भांडणाने माणसाळत होती. बाई कोणाला तरी झाडते आहे, म्हणजे आता खायला पडणार आणि आपल्या अंगावर कोणी येणार नाही, कारण सगळा राग दुसरीकडे चालला आहे, एवढं मांजरांना पक्कं कळलं होतं. आधीची छत्तीस घरं अशी होती, जिथे कोणी ना कोणी कोणावर तरी ओरडतच असतं. गप्प घर हे पहिलंच. इथे बोक्याला वाटत होतं, की काहीतरी भयंकर होणार आहे.

"तुला नाय जमनार, बाई," मंजुळाबाईंनी निकाल दिला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं.

विनिताबाईंनी अजून तीन दिवस बाकी आहेत, हे नम्रपणे लक्षात आणून दिलं. नियम मंजुळाबाईंचाच होता. त्या पिंजरा तिथेच ठेवून गेल्या.

पहिल्या दिवशी विनिताबाईंनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं, अग्रलेखासकट. बोका हलला नाही. नुसता आवाज चालत नव्हता, कोणाला तरी बोलणं भाग होतं, आणि विनिताबाईंना बोलायला कोणी नव्हतं. क्रेडिट कार्ड विकणाऱ्या एका मुलीचा फोन आला, तेव्हा त्यांनी आवाज चढवून पाहिला; पण ती मुलगी रडवेली झाली आणि विनिताबाईंनीच तिची माफी मागितली. मशीनमागून दोन कान दिसले आणि गेले. मंजुळाबाईंनी फोनवर विचारलं, काय झालं. विनिताबाईंनी सांगितलं. मंजुळाबाई म्हणाल्या, माफी कशाला मागितलीस, तितंच घोटाला झाला.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, वरच्या मजल्यावरच्या नयन सबनीस यांनी नेहमीप्रमाणे न पिळलेली चादर वाळत घातली आणि विनिताबाईंच्या वाळलेल्या कपड्यांवर धार लागली. नऊ वर्षं हे चाललं होतं. नऊ वर्षं विनिताबाई कपडे आत घेऊन दोरीवर पुन्हा पसरत होत्या. या वेळी त्या गॅलरीत गेल्या, मान वर केली आणि म्हणाल्या, "अहो सबनीस, तुम्हाला हात आहेत ना? मग चादर पिळता येत नाही?" सुरुवात झाली. मग नऊ वर्षांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, गणपतीतला सतरंजीचा प्रकार आणि सोसायटीच्या सभेत आपल्याला मध्येच थांबवलं होतं ते, असं सगळं क्रमवार निघालं. त्यांचं दप्तर पहिल्यापासून व्यवस्थित होतं. समोरच्या इमारतीत तीन खिडक्या उघडल्या. सबनीस वरून चादर ओढून घेत होते.

विनिताबाई आत वळल्या तेव्हा बोका गॅलरीच्या दारात बसला होता. त्यांनी त्याला मांदेली दिली. त्याने ती त्यांच्या देखत खाल्ली. पण मांडीवर तो आला नाही.

पंधरावा दिवस रविवार. रविवारचा धंदा गोदूबाईंवर सोपवून मंजुळाबाई डोंबिवलीला आल्या, तेवढ्यावरून प्रकरण किती गंभीर होतं हे कोपरीला कळलं. त्यांनी येताना बोक्यासाठी बोंबील आणले होते. आल्या आल्या त्या खाली बसल्या, पिंजरा जवळ ओढला आणि बघू म्हणाल्या. विनिताबाई समोर मांडी घालून बसल्या. बोका कपाटाखाली होता. पाच मिनिटं गेली. ज्याला झाडावं असं कोणी समोर नव्हतं. सबनीस सकाळीच सहकुटुंब बदलापूरला निघून गेले होते. मंजुळाबाईंनी उसासा टाकून पिंजऱ्याची कडी काढली.

विनिताबाईंची नजर इकडे तिकडे फिरली आणि देवघराच्या कट्ट्यावर अडकली. समईशेजारी काळी पिशवी होती. तिच्यातून बोंबलाचं पाणी कट्ट्यावर उतरत होतं.

"मंजुळाबाई, ती पिशवी तिथे कोणी ठेवली?" त्यांचा आवाज समोरच्या इमारतीपर्यंत गेला. "देवाचा कट्टा दिसत नाही तुम्हाला? बाजारात एवढ्या जगाला अक्कल शिकवता, आणि दुसऱ्याच्या घरात वस्तू कुठे ठेवायची ते कळत नाही? उचला आधी ती. पुसून घ्या तो कट्टा. फडकं मोरीत आहे. ते नाही, पिवळं!"

बोका कपाटाखालून बाहेर आला. मंजुळाबाईंकडे त्याने एकदा पाहिलं. मग तो विनिताबाईंच्या मांडीवर चढला, तीन पायांवर दोनदा गोल फिरला आणि बसला.

मंजुळाबाई फडकं हातात घेऊन उभ्या होत्या. चौतीस वर्षांत गिऱ्हाईक असो की नातेवाईक, त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. त्यांनी कट्टा पुसला. पिशवी गॅलरीत नेऊन ठेवली. परत येऊन पिंजऱ्याची कडी लावली.

"ऱ्हाऊ दे याला," त्या म्हणाल्या, आणि विनिताबाईंना चहा टाकायला सांगितला.

विनिताबाई म्हणाल्या, आता मला उठता येणार नाही, तुम्हीच टाका.