मास्तरांच्या घरचं काज

माणूस दुकानाची पायरी चढला की मास्तर आधी त्याचे खांदे बघायचे, तोंड नंतर. "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे तुमचा. पिशवी रोज त्याच हातात धरता ना?" असं म्हणत ते गळ्यातली टेप काढायचे आणि समोरचं गिऱ्हाईक स्वतःच्याच खांद्याकडे संशयानं बघायला लागायचं.

दुकान दहा बाय आठचं. पुढे कापायचं टेबल, त्याला लागून मशीन, भिंतीशी एक बाकडं, मागे पडदा. पडद्यामागे घर. शर्ट मशीनवरून उतरला की पडद्याखालून आत सरकायचा आणि दुसऱ्या दिवशी काजं-बटणं होऊन त्याच वाटेनं बाहेर यायचा. काजं हातानं केलेली. यंत्राचं काज मास्तरांना खपायचं नाही. "ते काज नव्हे, कापडाला पडलेलं भोक आहे. कडेनं दोरा फिरवला म्हणून त्याचं काज होत नाही."

त्यांच्या काजाची एक खूण होती. दोन्ही टोकांना तीन-तीन आडवे टाके, आणि शेवटची गाठ उलट्या बाजूला न दाखवता काजाच्या पोटातच दडवलेली. ही मास्तरांच्या वडिलांची रीत. म्हाताऱ्यांनी ती थोरल्या सुनेला शिकवली. धाकटी सून घरात यायच्या आधीच ते गेले. पुढे दोघा भावांचं वडिलांच्या कात्रीवरून वाजलं. कात्री थोरल्याकडे, म्हणजे मास्तरांकडे राहिली, धाकट्यानं तीन गल्ल्या सोडून वेगळं दुकान थाटलं आणि बोलणं बंद झालं ते कायमचंच.

मास्तरांना गावभर मान मिळाला तो मात्र शिवणकामासाठी नाही, साक्षीसाठी.

नऊ वर्षांपूर्वी एका गोदामाचा पहारेकरी मारला गेला. प्रेताच्या मुठीत निळ्या रेघांच्या शर्टाचा पुढचा अर्धा भाग होता, तीन काजांसकट. पोलीस तो घेऊन शिंप्यांच्या दुकानांतून फिरले. मास्तरांनी तुकडा उलटा केला आणि तिथल्या तिथे सांगून टाकलं, "आमचा आहे." मापाची वही काढली. त्या वर्षी त्या कापडाचा शर्ट त्यांच्याकडून एकानंच शिवून घेतला होता, नळाची कामं करणाऱ्या प्लंबरनं. त्याचं आणि पहारेकऱ्याचं आधी कधीतरी भांडणही झालेलं. झालं.

कोर्टात प्लंबरच्या वकिलानं विचारलं, "असं काज दुसरं कोणी करूच शकत नाही, असं म्हणणं आहे तुमचं?"

मास्तर म्हणाले, "वकीलसाहेब, तुमची सही दुसरा कोणी करतो का? हे काज म्हणजे माझी सही आहे."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीशही हसले. पिंजऱ्यातून प्लंबर ओरडला, "तो शर्ट विटला म्हणून मी फाडला! चिंध्या करून गळक्या पाइपांना गुंडाळल्या!" कुठल्या पाइपाला, असं विचारल्यावर त्याला सांगता येईना. वर्षाला शे-दोनशे पाइप हाताखालून जायचे त्याच्या.

फाशी झाली, म्हणजे शिक्षा झाली. ती अमलात यायला वर्षं लागतात. तेवढ्या वर्षांत मास्तरांच्या बाकड्यावर तो खटला रोज नव्यानं चालायचा. बाकड्यावर दोघं ठरलेले, एक रिटायर झालेला कारकून आणि एक कंपाउंडर. दोघांनाही कपडे शिवायचे नसायचे.

"अशांना चौकात लटकवलं पाहिजे," कारकून म्हणायचा.

"आणि चुकून दुसराच लटकवला तर? तुरुंगातल्या माणसाला दार उघडून बाहेर काढता येतं. फासावरच्याला काय, औषध देणार?"

"चुकून कसा? एकावर एक तीन कोर्टं आहेत. ती काय झोपा काढतात?"

"तिन्ही कोर्टांनी कागद एकच वाचला ना? एकाच कागदाच्या तीन झेरॉक्स काढल्या म्हणून तो तिप्पट खरा होतो का?"

"तुझ्या घरातलं कोणी मेलं असतं म्हणजे कळलं असतं."

"आणि तुझ्या घरातला आत असता म्हणजे?"

"मास्तर, सांगा हो याला!"

मास्तर तोंडातल्या टाचण्या न काढताच बोलायचे. "मी काज ओळखलं. पुढचं कोर्टानं बघितलं."

मग एका दुपारी वकीलबाई आल्या. तरुण होत्या, खांद्याला कागदांनी फुगलेली पिशवी. मास्तर सवयीनं म्हणाले, "उजवा खांदा—"

"खांदा राहू द्या, मास्तर. मी प्लंबरची नवी वकील. दयेचा अर्ज फेटाळलाय. आता शेवटचा एक अर्ज कोर्टात करता येईल, पण त्यात काहीतरी नवं हवं. जुनं सगळं ऐकून झालंय त्यांचं."

"मग माझ्याकडे काय नवं असणार? मी होतो तिथंच आहे."

"एकच विचारायचंय. सगळी साक्ष वाचली मी तुमची, दोनदा वाचली. एक प्रश्न कोणी विचारलेलाच नाही." त्या बाकड्यावर बसल्या. कारकून आणि कंपाउंडर दोन्ही टोकांना सरकले. "काजं तुम्ही स्वतः करता?"

"काजं घरात होतात."

"घरात म्हणजे?"

"घरात म्हणजे घरात. ही करते." यात विचारण्यासारखं काय आहे ते मास्तरांना खरंच कळेना. चाळीस वर्षं काजं पडद्यामागे होत होती आणि पडद्यामागे जे होतं ते आपलंच, एवढं साधं होतं ते. "माझ्याच घरची ना? मग माझीच झाली."

"आणि त्या दुसऱ्या कोणासाठी काजं करतात का?"

"ही? कोणासाठी करेल?" मास्तर हसले. "अगं, ऐकलंस का, वकीलबाई काय विचारतायत?"

पडद्याआडून काही आलं नाही. नेहमी पडद्याआडून भांड्यांचा, निदान बांगड्यांचा तरी आवाज यायचा.

"अगं?"

पडदा बाजूला झाला. मास्तरांची बायको गिऱ्हाइकांसमोर सहसा यायची नाही. ती सरळ वकीलबाईंसमोर येऊन उभी राहिली. बोटात अजून अंगुस्तान, सुई टोचू नये म्हणून घातलेलं.

"धाकट्या भाऊजींच्या दुकानाची काजं मी करते," ती म्हणाली. "जाऊबाईंचे डोळे गेले तेव्हापासून. तो पहारेकरी गेला त्याच्याही दोन वर्षं आधीपासून."

कारकुनानं चपला शोधल्या. कंपाउंडर त्याच्या आधी पायरी उतरला होता.

वकीलबाई उद्या कागद घेऊन येते म्हणून गेल्या. मास्तरांनी दुकानाचं अर्धं शटर ओढलं आणि मशीनच्या स्टुलावर बसले.

"रोज?"

"आठवड्यातून दोनदा. भाजीला जाते म्हणून जायचे."

"भाजीही आणायचीस."

"भाजी तर लागायचीच."

"मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंत?"

मास्तर स्टुलावरून उठले. मग एकदम आवाज चढला. "अगं, पण मी कोर्टातून आलो, ताट वाढून घेतलं, सगळं सांगितलं तुला! काज म्हणजे माझी सही, असं म्हणालो म्हणून सांगितलं! तेव्हा तरी तोंड उघडायचंस!"

"तेव्हा मला हसू आलं होतं."

"हसू?"

"तुमची सही म्हणालात ना. कोर्टात उभं राहून. म्हटलं, बघा, माणसानं एकदा तरी विचारावं घरात, की बाई, हे तू केलंस का." ती खाली बसली. "आणि मग भीती वाटली. पण वाटलं, काजावरून कोणी माणसाला फाशी देतं का? पोलीस आहेत, बाकीचं काही असेलच ना त्यांच्याकडे. निकाल लागला तेव्हा वाटलं, वरचं कोर्ट आहे. ते झालं तेव्हा म्हटलं, त्याच्याही वर आहे. दर वेळी वर कोणीतरी होतंच."

"आणि नऊ वर्षं गेली."

"तुम्हीही तेच म्हणायचात की बाकड्यावरच्यांना. पुढचं कोर्टानं बघितलं."

मास्तरांनी उरलेलं शटर खाली ओढलं. मग त्यांनी विचारलं, "ती काजं तू केलीस, एवढं तरी खरं ना?"

"माझीच आहेत. पण तुमच्या दुकानाची की त्यांच्या, ते मला कसं कळणार? हात एकच आहे."

दुसऱ्या दिवशी मास्तर तीन गल्ल्या चालून गेले. धाकटा मशीनवर होता. त्यानं मान वर केली, पुन्हा खाली घातली. "माप द्यायचंय?"

"बोलायचंय."

"पंधरा वर्षांनी? कात्री परत करायला आलास की काय?"

आतून धाकट्याच्या बायकोचा आवाज आला. "थोरले भाऊजी आले का? पावलं ओळखली मी. अहो, बसायला द्या त्यांना."

मास्तर उभेच राहिले. "त्या वर्षी निळ्या रेघांचं कापड शिवलंस तू?"

"दादा, त्या वर्षी निळ्या रेघा अर्ध्या गावाच्या अंगावर होत्या. पाच-सहा शर्ट तरी गेले असतील माझ्याकडून."

"कोणाकोणाचे? वही काढ."

"वही तुझ्याकडे, दादा. मी कापडाला चिठ्ठी टाचतो. शर्ट गेला की चिठ्ठी गेली."

"एकाचं तरी नाव आठव!"

"नऊ वर्षांपूर्वीचं? काल आलेल्याचं आठवत नाही मला." मग धाकट्यानं मशीनवरून पाय काढला. "वहिनींच्या हातची काजं आहेत हे तुला इतकी वर्षं कळलं नाही? रस्त्यानं माझी गिऱ्हाइकं फिरतात, त्यांच्या छातीवर बघितलं नाहीस कधी?"

"तुझ्या दुकानाचा शर्ट दिसला की मी मान वळवायचो," मास्तर म्हणाले.

धाकट्यानं सही द्यायला आढेवेढे घेतले नाहीत. तिघांची प्रतिज्ञापत्रं झाली. मास्तरांनी आपल्यात लिहून दिलं, माझी ओळख चुकीची असू शकते, तो शर्ट माझ्याच दुकानाचा होता असं मी आता सांगू शकत नाही. लिहिताना ते वकीलबाईंना पुन्हा पुन्हा विचारत होते, "एवढं पुरेल ना? अजून कडक लिहू का?"

वकीलबाई म्हणाल्या, "लिहा. मी तर पाइपही शोधले, मास्तर. प्लंबरनं कामं केलेल्या इमारतींची यादी काढून घराघरांत फिरले. पाइप केव्हाच बदललेत, जुने भंगारात गेले. तुरुंगात भेटायला गेलं की ते एकच विचारतात, पाइप सापडला का."

आदेश यायला अठरा दिवस लागले. वकीलबाईंनी तो दुकानातच वाचून दाखवला. साक्षीदाराला साक्षीच्या वेळी कसलीही शंका नव्हती. त्यानं काजाची तुलना स्वतःच्या सहीशी केली होती. शिवणकामातला त्याचा दीर्घ अनुभव पाहता ती साक्ष पूर्णतः विश्वासार्ह आहे. पत्नीनं नऊ वर्षं मौन का पाळलं, याचं समाधानकारक स्पष्टीकरण नाही. भावाकडे कोणतीही नोंद नाही. आताचं म्हणणं ही पश्चातबुद्धी होय.

"म्हणजे?" मास्तरांनी विचारलं.

"म्हणजे तुम्ही तेव्हा खरं बोललात आणि आता खोटं बोलताय."

"पण मीच सांगतोय ना, की मी चुकलो!"

"हो. पण चुकला नाहीत असं त्यांचं म्हणणं आहे."

मास्तरांची बायको पडद्याला धरून उभी होती. तिनं विचारलं, "याच्यावर कोण आहे?"

वकीलबाई कागद पिशवीत भरत राहिल्या. सगळे भरून झाले तरी त्यांनी मान वर केली नाही.

फाशी एका मंगळवारी झाली. मास्तरांनी त्या दिवशीही दुकान उघडलं. न उघडून काय करायचं ते सुचलं नाही. बाकड्यावर कारकून एकटाच आला, पेपर घेऊन. "झालं म्हणे पहाटे," तो म्हणाला. नेहमीचं पुढचं वाक्य त्याच्या तोंडाशी आलेलं दिसत होतं, पण मास्तरांकडे बघून त्यानं पेपराची घडी घातली. "चार बायका काय सांगतात त्यावर चाललं तर कोर्टं कशी चालायची, मास्तर? तुम्ही मनाला लावून घेऊ नका." मास्तरांनी त्याला उठायला सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाला, किंवा जे काय तो होता त्याला, उठवलं त्यांनी.

बायकोनं काजं करणं सोडलं होतं. सुईचा डबा तिनं वरच्या फळीवर टाकून दिला होता. मास्तर शर्ट यंत्रावरच्या काजांसाठी बाजारात पाठवायला लागले. धाकट्याचेही तिकडेच जायचे. एकाच गठ्ठ्यात, कधीकधी. दोघं भाऊ आता बोलायचे, पण बोलायला एकच विषय होता आणि तो दोघांनाही नको असायचा.

महिनाभरानं, भर दुपारी, एक हवालदार पायरी चढून आला. हातात खाकी कागदाचं पुडकं. मास्तरांनी त्याचे खांदे बघितले नाहीत.

"मास्तर, जरा काम होतं. साहेबांनी पाठवलंय." त्यानं पुडकं टेबलावर ठेवून उलगडलं. आत एक विजार होती, एका पायावर काळपट डाग. "नदीकाठी सापडली. कोणाच्या हातची शिवण आहे, एवढं फक्त बघून सांगा."

मास्तर दोन पावलं मागे सरले. "मला नाही ओळखता येत."

"असं कसं, मास्तर?"

"नाही येत. मी चुकतो. लिहून दिलं होतं मी तसं. सही करून दिलं होतं."

पडद्यामागे काहीतरी खाली पडलं. हवालदारानं तिकडे बघितलं, मग समजुतीनं हसला. वडीलधाऱ्या माणसाच्या नम्रपणावर हसतात तसं. त्यानं विजार मास्तरांच्या बाजूला सरकवली, शिवण वर येईल अशी.

"ते तुमचं म्हणणं झालं. कोर्टानं लिहून दिलंय ना, तुम्हाला कळतं म्हणून. बघा सावकाश. मी थांबतो." आणि तो बाकड्यावर बसला.