मेव्हण्याला दिलेला सल्ला

नव्वदचं दशक सरता सरता बारामतीत मी इंटरनेटचं दुकान काढलं. कॉम्प्युटर माझा, खटपट माझी. टेलिफोन तेवढा मेव्हण्याच्या नावावर, कारण नवा फोन मिळायला वर्षं लागायची. दुकान चालायला लागलं तसं बायकोच्या या धाकट्या भावाने एके दिवशी मला दारातच अडवलं. "दाजी, फोन माझा हाय. उद्यापास्नं मी एकटाच बघतो." कॉम्प्युटर उचलून मी जळोचीला एका एसटीडी बूथच्या कोपऱ्यात बसलो. याची जिरवायचीच, एवढं एकच डोक्यात होतं.

माझ्याकडे यायच्या त्या बहुतेक आया. त्यांची मुलं आखातात कामाला. त्या सांगायच्या, मी टाइप करायचो. दोन दिवसांत उत्तर यायचं, ते मी वाचून दाखवायचो. दोन्हीकडे कुणीतरी वाट बघत असायचं, म्हणून ते चाललं. त्यात माझी हुशारी काही नव्हती.

मेव्हण्याला मोठं काहीतरी हवं होतं. वर्षभराने तो आपणहून आला. जनावरांच्या बाजाराचे भाव कॉम्प्युटरवर टाकायचे. एक मशीन बारामतीत, एक इंदापुरात, एक भिगवणला. "दाजी, चालंल का?"

आमच्याकडे बैलाचा सौदा उपरण्याखाली होतो. दलालाने बोटं दाबून भाव सांगायचा, बोटं दाबूनच घासाघीस करायची. शेजारी उभ्या सख्ख्या भावालाही आकडा कळू द्यायचा नाही. तो चव्हाट्यावर आला तर दलालाला विचारतो कोण? हे मला पक्कं ठाऊक होतं. मेव्हण्याने बाजारात कधी पाऊल टाकलं नव्हतं.

"पळंल की! थांबू नगंस," मी म्हणालो. त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली.

उद्घाटनाला झाडून सगळे दलाल आले. पेढे खाल्ले, मशीनला हात लावून बघितला. भाव एकानेही सांगितला नाही. इंदापूरच्या एका म्हाताऱ्याने तर मेव्हण्याचाच हात उपरण्याखाली ओढून दाबला. "ह्यो आमचा भाव. टाका आता." लोक हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

चार महिन्यांत तिन्ही मशीन बंद पडली. तो जळोचीला आला, तेव्हा त्याला ऐकवायचं सगळं मी मनात घोकून ठेवलं होतं.

"दाजी, तुमाला ठावं हुतं?"

"व्हय."

तो चिडेल, भांडेल, याची मी वाट बघत होतो. तो खाली बघत म्हणाला, "चार जण नगं म्हणत हुतं. मी म्हणलं, दाजी मला खोटं सांगायचं न्हाईत."

घोकलेलं एक अक्षरही मला बोलता आलं नाही. त्याचाही राग मला आजवर त्याच्यावरच आहे.